पन्नी, मोबाइल आणि प्राणहिता

आलापल्लीहून निघालेला रस्ता सुमारे शंभर किलोमीटर सागवनातून जातो आणि गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला सिरोंच्यात पोहोचतो. गावाच्या कडेने प्राणहिता वाहते, थोडे पुढे जाऊन गोदावरीला मिळते. समोरच्या तीरावर तेलंगणातले कालेश्वर. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला सोमनूर येथे छत्तीसगडातून आलेली इंद्रावती गोदावरीत शिरते. तीन मोठ्या नद्या आणि एवढे जंगल एकाच तालुक्याच्या वाट्याला क्वचितच येते. याच तालुक्यात बसथांब्यावर, शाळेच्या कुंपणाशी किंवा नदीच्या घाटावर थांबून खाली पाहिले, तर मातीत रुतलेल्या तळहाताएवढ्या चुरगळलेल्या पन्न्या दिसतात. खर्रा खाऊन फेकलेल्या.

आधुनिक जीवनशैलीचे दुष्परिणाम म्हटले की पुण्या-मुंबईची गर्दी, ऑफिसचा ताण आणि पिझ्झा-बर्गर एवढेच डोळ्यांसमोर येते. सिरोंच्यातही ही जीवनशैली पोहोचली आहे, फक्त तिचे रूप निराळे आहे. पूर्वी नदी नावेने ओलांडावी लागे, आता पूल आहेत. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि आजूबाजूच्या पाड्यांवर माडिया अशा तीन भाषांत वाढणाऱ्या मुलाच्या हातात आज स्मार्टफोन आहे, दारात हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पाच रुपयांत चिप्सचे पाकीट मिळते. हे सगळे गेल्या पंधरा-वीस वर्षांत एकदम आले. त्याच वेगाने डॉक्टर आले नाहीत, खेळाची मैदाने आणि वाचनालये आली नाहीत, कचरा उचलणारी व्यवस्था तर गावोगाव पोहोचलीच नाही. तरुणांच्या सवयींना नावे ठेवण्यापूर्वी मोठ्यांनी एवढे ध्यानात घ्यायला हवे.

तरीही तरुणांच्या स्वतःच्या हातात पुष्कळ आहे. सिरोंचा, अहेरी, भामरागड किंवा शेजारच्या गोंडपिपरीतल्या सोळा ते तीस वयाच्या मुलामुलींनी सुरुवात कुठून करावी, याचे उत्तर सोपे आहे. ज्या सवयीमुळे खिसा, शरीर आणि जंगल या तिन्हींचे एकाच वेळी नुकसान होते, ती आधी धरावी. या भागात अशी पहिली सवय खर्ऱ्याची आहे.

खर्रा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. पानठेल्यावर हे तिन्ही एका पन्नीत घालून ती गुंडाळतात आणि पाटीवर जोरजोराने घासतात. याला घोटणे म्हणतात. काही मिनिटांत सुपारीवर तंबाखू-चुन्याचा थर बसतो, पन्नीच्या आतल्या बाजूला ओलसर पिवळट डाग पडतात आणि तीच पन्नी गिऱ्हाइकाच्या हातात जाते. तो चिमूटभर काढून गालात धरतो, उरलेला खिशात ठेवतो. पुडी संपली की पन्नी जिथे उभा असेल तिथेच पडते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. विदर्भात मात्र डोळ्यांसमोर घोटून मिळणारा खर्रा ताजा आणि म्हणून गुटख्यापेक्षा बरा, असा समज घट्ट बसला आहे.

तो समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली, त्याला दोन दशके होऊन गेली. खर्ऱ्यात सुपारी आणि तंबाखू दोन्ही एकत्र असतात आणि चुन्यामुळे त्यातले निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून भरभर शोषले जाते. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा कडक होत जाते, तोंड हळूहळू कमी उघडू लागते आणि पुढे याच ठिकाणी कर्करोगाची शक्यता वाढते. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत असल्याचे दिसले. त्यांतले बहुतेक चघळणारे किंवा घासणारे होते. धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे सिगारेटच्या पाकिटावरचा इशारा वाचून राज्याचा मोठा प्रश्न कळत नाही. तो पानठेल्यावर आणि घरातल्या नशीच्या डबीत आहे. दाताला तंबाखूची नस किंवा गुडाखू घासणाऱ्या बायका स्वतःला व्यसनी समजत नाहीत, म्हणून मुलींनी घरात हा विषय काढणेही तितकेच गरजेचे आहे.

प्रत्येकाने आरशासमोर उभे राहून दोन मिनिटांची तपासणी करावी. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटे उभी धरून आत जातात का ते पाहावे. जात नसतील तर तोंड आखडू लागले आहे. गालाच्या आत किंवा जिभेखाली पांढरा अथवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, नेहमीचे मिरचीचे जेवणही अचानक झोंबू लागणे, यांपैकी काहीही आढळले तर ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीचा चट्टा बहुधा दुखतच नाही.

आता हिशेब. एका पुडीचे वीस रुपये आणि दिवसाला चार पुड्या धरल्या, तर महिन्याला २,४०० आणि वर्षाला २९,२०० रुपये होतात. आयटीआयची फी, पोलीस भरतीच्या तयारीचा खुराक, घरची सौरदिव्याची जोडणी यांतले बरेच काही या पैशांत बसते. याच हिशेबाने एकटा तरुण वर्षाला १,४६० पन्न्या मागे टाकतो. गावात असे पन्नास जण असतील, तर ७३,०००. पहिल्या पावसात त्या नाल्यात जातात, नाला प्राणहितेला मिळतो. उरलेल्या पन्न्या चाऱ्यासोबत गुरांच्या पोटात जातात.

सोडायचे कसे? तारीख ठरवावी आणि ती घरातल्या एका माणसाला सांगावी. पहिले तीन-चार दिवस सर्वांत जड जातात. डोके दुखते, चिडचिड होते, शौचाला त्रास होतो. हे निकोटीन उतरत असल्याचे लक्षण आहे आणि ते ओसरते. तलफ आली की ती काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी पिणे, चार पावले चालणे, तोंडात बडीशेप किंवा आवळ्याची फोड ठेवणे एवढ्यावर निभावून नेता येते. सुपारी मात्र तोंडात घालू नये. ‘तंबाखू सोडली, साधी सुपारी खातो’ हा मार्ग परत खर्ऱ्याकडेच नेतो. ज्या ठेल्यावर रोजचा कट्टा जमतो, त्या रस्त्याने पहिले पंधरा दिवस जाऊ नये. मित्रांपैकी दोघे-तिघे मिळून सोडतात, तेव्हा टिकण्याची शक्यता जास्त असते. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. मनाचा ताण, झोप न लागणे, निराशा यांसाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून मुक्तिपथ अभियान सुरू आहे. दारू आणि तंबाखू सोडू पाहणाऱ्यांना गाव पातळीवर त्याची मदत मिळते.

दारूचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती वरून लादलेली नव्हती, लोकांच्या आंदोलनातून आली. सिरोंच्यात मात्र पूल ओलांडला की तेलंगणात दारू उघड मिळते. अशा ठिकाणी कायदा एकटा पुरत नाही. गावातल्या तरुण मंडळाने गणपती, दुर्गापूजा आणि लग्नसराईपुरता तरी ‘आमच्या मंडपात नाही’ हा नियम केला, तर त्याचा गावावर परिणाम होतो.

पानठेल्याबाबत तरुणांना माहीत असायला हवेत असे दोन कायदे आहेत. शाळा-महाविद्यालयापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, अठरा वर्षांखालील कोणालाही ती विकता येत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७नुसार लहान मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीआधी ठेलेवाल्याशी बोलून पाहावे. तो गावातलाच असतो आणि त्याचेही पोट त्यावर असते. केळी, उकडलेली अंडी, ताक, सरबत अशी पर्यायी विक्री तो करायला तयार असेल, तर गावाने त्याच्याकडून घ्यायला हवे.

प्लॅस्टिकचा बाकीचा भाग बाजारातून येतो. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आणली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे आणि १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी विकणे बेकायदा आहे. आठवडी बाजारात हे कुठेच दिसत नाही. सिरोंच्यासारख्या ठिकाणी सर्वांत उपयोगी उपाय जुनाच आहे, कापडी पिशवी आणि पळसाची पत्रावळ. लग्नात हजार माणसांचे जेवण थर्माकोलच्या ताटांवर उठले की दुसऱ्या दिवशी त्यांचा ढीग नाल्याकाठी जाळला जातो आणि त्याचा विषारी धूर आधी त्याच वस्तीतल्या लहान मुलांच्या नाकात जातो. हजार पत्रावळी लावायला गावातल्या बचतगटाला सांगितले, तर पैसाही गावात राहतो. प्लॅस्टिक जाळू नये. सुके, धुतलेले प्लॅस्टिक पोत्यात साठवून भंगारवाल्याला द्यावे. सिरोंचा शहरात ही जबाबदारी नगरपंचायतीची आहे. पुढच्या वेळी नगरसेवक दारात आले की कचरागाडीचे वेळापत्रक मागावे.

खाण्याबाबत थोडक्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आज तो गावांतही आहे. ज्या तालुक्यात मोहफूल, चारोळी, टेंभुर्णीची फळे, अंबाडी, नदीतले मासे आणि रानभाज्या मिळतात, तिथल्या मुलाने सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चिप्स आणि संध्याकाळी शीतपेय यांवर दिवस काढावा, याचे वाईट वाटते. हिवाळा संपता संपता मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या कुटुंबांत तर मुलांचे खाणे महिनोन्‌महिने पाकिटांवर येते. तिथे जाताना सोबत तांदळाबरोबर डाळ, सुकी मासळी, भाजलेल्या मोहफुलांचे लाडू न्यावेत. मिरचीच्या शेतात फवारणी झाली असेल तर हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय काहीही खाऊ नये. यवतमाळमध्ये २०१७ साली कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी करणाऱ्याने तोंडाला रुमाल बांधला म्हणजे तो सुरक्षित झाला, हा गैरसमज त्या दुर्घटनेनंतरही गेलेला नाही.

जंगलाशी तरुणांचा सर्वांत जवळचा संबंध मार्च ते मे या महिन्यांत येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे अंधारातच घरातली बाया-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. पानांच्या थरात फुले दिसावीत म्हणून आदल्या दिवशी झाडाखालची पाने पेटवायची पद्धत आहे. वारा सुटला की तीच आग रात्रभर जंगलात चालत जाते. तेंदूच्या झुडपांना नवी कोवळी पाने फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. आगीत सागाचे मोठे झाड वाचते, पण चारोळीचे बोटभर रोप, जमिनीवर घरटे केलेला पक्षी, पुढच्या वर्षीचा मोह देणारे रोपटे वाचत नाही. चार-पाच वर्षे हेच झाले तर जंगलात म्हातारी झाडे तेवढी उरतात.

पर्याय खर्चिक नाही. झाडाखालची पाने खराट्याने ओढून बाजूला करावीत किंवा जुनी लुगडी, शेडनेट अंथरावे. फुले स्वच्छ मिळतात, माती लागत नाही, वाळवल्यावर भाव बरा येतो. तेंदूच्या झुडपांची आग न लावता छाटणी केली तरी पाने येतात. ज्यांच्या हातात मोबाइल आहे त्यांनी भारतीय वन सर्वेक्षणाच्या ‘वन अग्नी’ पोर्टलवर नोंदणी केली, तर आपल्या भागातल्या आगीची उपग्रहाने टिपलेली सूचना फोनवर येते. वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे. आग, शिकार, चोरटी तोड, विहिरीत पडलेले जनावर, कशासाठीही तिथे कळवता येते.

आगी टाळण्याचा एक दाखला गोंडपिपरी तालुक्यातला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकून गावाने उत्पन्न सुरू केले आणि तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ग्रामसभेत ठरवले. तेंदूसाठी आगी लागतात, झाडे छाटली जातात, तेंदूची म्हणजेच टेंभुर्णीची फळे मिळत नाहीत आणि शेवटी त्या पानाची विडी होऊन माणसाच्या फुप्फुसात जाते, अशी त्यामागची कारणे होती. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या निर्णयाची दखल आपल्या लेखनात घेतली. तंबाखू आणि जंगल यांचा विचार एका गावाने एकत्र केला, हे पाचगावचे मोठेपण. प्रत्येक गावाला तेंदू सोडणे परवडणार नाही. सिरोंच्यात सत्तर पानांचा एकेक पुडा बांधून मिळालेल्या पैशांत पेरणीचे बियाणे येते. पण आग न लावता तेंदू तोडणे प्रत्येक गावाला परवडते.

मोबाइलकडे वळताना आधी एक दुःखद घटना. ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातच केबल टाकण्याच्या कामावर आलेला तेविशीतला एक मजूर रानटी हत्ती पाहायला साथीदारांसोबत जंगलात गेला. दुरून सेल्फी घेताना हत्ती अंगावर आला आणि तो जागीच गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका टस्कराने प्राणहिता ओलांडून तेलंगणात दोन शेतकऱ्यांचा जीव घेतला होता. २०२१ मध्ये छत्तीसगडातून हत्तींचा कळप जिल्ह्यात आल्यापासून त्यांचे व्हिडिओ काढायला गाड्या घेऊन धावणारी पोरे अनेक गावांत दिसतात. हत्ती माणसापेक्षा वेगाने धावतो आणि फोनच्या पडद्यावर त्याचे अंतर नेहमी जास्त वाटते. हत्ती, वाघ, अस्वल दिसले तर मागे फिरावे, गावात कळवावे, वनरक्षकाला फोन करावा. ठिकाण टाकून व्हिडिओ पसरवू नये. कमलापूरच्या सरकारी हत्तीकॅम्पातले हत्ती पाळीव आहेत. तिथली सवय रानात नेऊ नये.

२०२३च्या ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालात ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वयोगटाचा अभ्यास आहे. सुमारे नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. तो वापरता येणाऱ्यांपैकी सुमारे नव्वद टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमे पाहिली होती. अभ्यासासाठी फोन वापरणारे साधारण दोन तृतीयांश निघाले. फोन काढून घेण्याने हे बदलत नाही. झोपण्याची जागा आणि फोनची जागा वेगळी करणे हा सर्वांत साधा, लागू पडणारा उपाय आहे. रात्री फोन चुलीच्या खोलीत चार्जिंगला लावावा, उठवायला जुने घड्याळ ठेवावे. रेंजसाठी टेकडीवर जावे लागणाऱ्या गावांत मुलांनी आठवड्याचे धडे, भरतीच्या प्रश्नपत्रिका एकदम उतरवून घ्याव्यात. त्यामुळे रोज चार तास टेकडीवर बसून रील पाहण्याचे निमित्तच उरत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. तरीही टेलिग्रामवर लिंका येतातच. तेंदूच्या बोनसचे पैसे खात्यात आले की फसवणुकीचे फोनही येतात. पैसे गेले तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

फोन बिघडला की त्याची फुगलेली बॅटरी उकिरड्यावर जाते. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा झाला, असे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. सिरोंच्यात संकलन केंद्र नसले तरी बॅटऱ्या जाळू नयेत, फोडू नयेत. डब्यात कोरड्या वाळूत ठेवून मंचेरियाल, चंद्रपूर किंवा बल्लारशाहला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती कंपनीच्या सेवा केंद्रात पाठवाव्यात.

मोटारसायकलीबद्दल दोनच गोष्टी. आलापल्ली ते आष्टी रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक सतत धावतात. तिथे आणि सिरोंच्याच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर हेल्मेटशिवाय रात्री निघू नये. दोन-तीन किलोमीटरच्या कामाला सायकल काढावी.

फोनचा उपयोग नदीच्या कामीही करता येतो. गोदावरीवर मेडिगड्डा येथे तेलंगणाने बांधलेल्या ८५ दरवाजांच्या बॅरेजचे उद्घाटन जून २०१९ मध्ये झाले. तेव्हापासून पाणी तुंबून शेते बुडतात, काठ खचतो, अशी सिरोंच्यातल्या नदीकाठच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. जुलै २०२२च्या पुरात तालुक्यातली अनेक गावे पाण्यात होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये बॅरेजचे काही खांब खचले आणि हा प्रश्न देशभर गाजला. दोन राज्ये आणि न्यायालये यांच्यातले हे प्रकरण एखाद्या तरुणाने सोडवायचे नाही. पण नुकसानभरपाई पंचनाम्यावर ठरते आणि पंचनामा पुराव्यावर. आपल्या शेताच्या काठावर एक पक्का दगड किंवा खांब खूण म्हणून ठरवावा आणि दर पावसाळ्यात पाणी कुठवर आले, याचा तारीख-वेळ व ठिकाण दिसेल असा फोटो काढावा. सातबारा, आधार, बँक पासबुक डिजिलॉकरमध्ये ठेवावे. पाच वर्षांचे असे फोटो गावाकडे असले, तर त्याचे म्हणणे कोणाला सहज बाजूला सारता येत नाही. शाळेतल्या मुलींना हे काम उत्तम करता येईल. गावातली पावसाची नोंदवही त्यांच्याकडे द्यावी.

शिकायला चंद्रपूरला गेलेल्या मुलांना दुसऱ्या टोकाचा अनुभव येतो. २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र, कोळसा खाणी आणि सिमेंट यांच्या मधोमध वसलेले हे शहर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते. गावाकडे हवा फुकट मिळते म्हणून तिची किंमत कळत नाही. सुट्टीत परतणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही तुलना गावात मोकळेपणाने सांगावी.

आणि रोजगार? त्याशिवाय बाकी सगळे उपदेश पोकळ ठरतात. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. प्राणहितेकाठच्या कोटा गावाचे नाव जगभरचे भूवैज्ञानिक ‘कोटा फॉर्मेशन’ म्हणून ओळखतात, कारण इथल्या खडकांत डायनासोरच्या काळातले मासे आणि सरडे दगड होऊन पडले आहेत. कोलामार्का येथे २०१३ मध्ये राखीव क्षेत्र जाहीर झाले आणि महाराष्ट्रातल्या रानम्हशी आज तिथेच उरल्या आहेत. मराठी, तेलुगू, गोंडी आणि थोडी इंग्रजी बोलणारा स्थानिक वाटाड्या या सगळ्या ठिकाणी लागतो आणि असा वाटाड्या पुण्याहून आणता येत नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला २०१४ पासून बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे बांबूकामाचे रीतसर शिक्षण मिळते. बारावीनंतर काय, हे ठरवताना पोलीस भरतीच्या बरोबरीने हे दोन रस्ते घरात बोलायला हवेत. जीवाश्म सापडला तर तो घरी नेऊ नये किंवा विकू नये, जागेचा फोटो काढून वन विभागाला दाखवावा. तो जागेवर राहिला तरच पाहुणा येईल.

शेवटची गोष्ट ग्रामसभेची. सिरोंचा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. इथे पेसा कायदा लागू आहे आणि गौण वनोपजावर ग्रामसभेचा अधिकार आहे. अठरा वर्षे पूर्ण होऊन मतदार यादीत नाव आले की मुलगा असो वा मुलगी, त्या सभेत बोलण्याचा हक्क मिळतो. तरीही बहुतेक सभांना मागे उभी राहणारी चार-दोन पोरे तेवढी दिसतात. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होते. मोह मार्चमध्ये गळू लागतो, म्हणून आगीचा आणि पन्नीचा विषय २६ जानेवारीच्या सभेतच मांडा आणि ठराव लिहून घ्या. १ मेपर्यंत थांबलात तर त्या वर्षाचे जंगल जळून गेलेले असेल.